चिंधी बांधलेला कॅन

दाजींनी एखाद्या घराचं काम संपवलं की मालक अंगणात येऊन छपराकडे बघायचा. बराच वेळ बघायचा. मग विचारायचा, "मग सुरू कधी करताय?"

दाजी शिडी खाली घेत म्हणायचे, "झालं."

सगळ्या जन्मात त्यांनी जेवढी कामं केली, त्यांतलं एकही कुणाला दिसलं नाही. दिसू नये हेच त्या कामाचं वैशिष्ट्य होतं.

आमच्याकडची घरं लाकडी कौलांची. हातभर लांबीच्या पातळ फळ्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक चढवलेल्या. नव्या असतात तेव्हा मधाच्या रंगाच्या. मग ऊन, वारा, पाऊस खाऊन राखाडी होतात आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात अख्खी गल्ली पंख मिटून बसलेल्या पाखरांच्या रांगेसारखी दिसते. हे सगळं बघायला फार छान. पण कडक उन्हाळ्यात वाळलेलं कौल आणि आगकाडी यांच्यात फरक उरतो तो फक्त मापाचा.

दाजी या कौलांना औषध मारत. आग लागू नये म्हणून. औषधाला रंग नाही, वास नाही, चकाकी नाही. लाकूड पिऊन टाकतं आणि पुन्हा आपलं लाकडासारखं दिसू लागतं. औषध प्यालेल्या कौलाला ज्योत लावली तर ते काळं पडतं, पण ज्योत बाजूला घेतली की विझतं. न प्यालेलं कौल विझत नाही. एवढाच फरक, आणि तो बघायचा तर घराला आग लावायला हवी. त्यामुळे लोक दाजींच्या शब्दावर भागवत.

दाजी मूळचे इथले नव्हेत. बायकोच्या गावी येऊन राहिले. बायकोचे भाऊ, चुलत भाऊ, मावसभाऊ त्यांना दाजी म्हणायचे. मग शेजारी म्हणू लागले. मग ज्यांचं काहीच नातं नव्हतं तेही. ऐंशी वर्षांची म्हातारीसुद्धा "अहो दाजी" अशीच हाक मारायची. त्यांचं खरं नाव पोस्टमनला ठाऊक होतं, आणि तोही पत्र देताना दाजीच म्हणायचा.

आधी ते दारं-खिडक्यांना पॉलिश करायचे. एका वर्षी लाकडाच्या वखारीला आग लागली आणि त्या आगीच्या ठिणग्यांनी रस्त्यापलीकडची तीन छपरं पेटवली. दाजी तेव्हा पलीकडच्या फुटपाथवर हातात ब्रश घेऊन उभे होते. तीन घरं जळायला किती वेळ लागतो ते त्यांनी पाहिलं. "एक दार पॉलिश होत नाही तेवढ्यात," असं ते सांगायचे. त्यानंतर त्यांनी औषधाची माहिती मागवली. सोबत आलेलं पुस्तक अडखळत, बोट ठेवून, दोन महिने वाचलं. गुरू नाही, शाळा नाही. पुस्तकातली वाक्यं पाठ झाली तेव्हा ते पुस्तक बायकोला ठेवायला दिलं आणि शिडी विकत घेतली.

पहिलं छप्पर त्यांना दिलं ते मास्तरीणबाईंनी. बाईंनी गावातल्या दोन पिढ्यांना पाढे शिकवले होते आणि आता त्या एकट्या राहत. त्यांच्या घराच्या पश्चिमेला पावाची भट्टी आहे. मध्ये एवढीशी बोळ. भट्टीचं धुराडं उंच खरं, पण वारा असला की ठिणग्या बाईंच्या छपरावर यायच्या. बाईंनी दाजींचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिसणार काहीच नाही?"

"नाही."

"मग तुम्ही मारलंत हे मला कळणार कसं?"

"मी सांगीन," दाजी म्हणाले.

बाईंनी आयुष्यभर मुलांच्या थापा ऐकलेल्या. त्यांनी दाजींच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मारा."

त्या दिवसापासून दाजींचा धंदा त्या दोन शब्दांवर उभा राहिला.

काम ते देखणं करायचे. आधी कौलांवरचं शेवाळ घासून काढायचं, छप्पर धुवायचं, चार दिवस वाळू द्यायचं. मग पाठीवर पंप घेऊन वरच्या ओळीपासून खाली यायचं. लाकूड पिईल तेवढं पाजायचं. पहिला हात झाला की दुसऱ्या दिवशी दुसरा हात. दोन दिवस थांबून त्यावर पाणी आत न शिरू देणारा बिनरंगी थर, म्हणजे पावसाने औषध धुऊन जात नाही. दर सहा वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून. घाई त्यांच्या अंगात नव्हती. कुणी लवकर आटपा म्हटलं की ते खाली उतरून शांतपणे शिडीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "या, तुम्ही चढा."

औषध यायचं पांढऱ्या कॅनमधून. पंप धुवायचं पाणीही तसल्याच रिकाम्या झालेल्या कॅनमधून न्यायचे. दोन्ही कॅन पांढरे, दोन्ही आतून पाण्यासारखे. दाजींची बायको व्यवस्थित बाई. तिने जुन्या लाल लुगड्याची चिंधी पाण्याच्या कॅनच्या मानेला बांधली. "लाल म्हणजे पाणी," तिने सांगितलं.

"लाल म्हणजे आग असतं," दाजी म्हणाले.

"तुमच्या आगीचा काय संबंध? माझी चिंधी, मी म्हणेन तो अर्थ."

दाजींना चिंधीची गरज नव्हती. पंप भरण्याआधी ते करंगळी कॅनमध्ये बुडवून जिभेला लावायचे. औषध खारट, मागाहून कडू. पाणी ते पाणी. डॉक्टर त्यांना दोनदा रागावले होते. "पुस्तकात चाटायला सांगितलंय का?" डॉक्टरांनी विचारलं. दाजी म्हणाले, "पुस्तक लिहिणाऱ्याला बहुतेक जीभ नसावी." या जिभेचा त्यांना फार अभिमान. चिंधी बांधतात ज्यांना चव कळत नाही, असं ते बायकोच्या माघारी म्हणायचे. बायको समोर असताना म्हणत नसत.

बायकोचा धाकटा भाऊ पत्रे विकायचा. छपराचे पत्रे: निळे, हिरवे, चकचकीत. पत्र्याला आग लागत नाही आणि पत्रा दिसतो, या दोन्ही गोष्टी तो गिऱ्हाइकाला मोठ्याने सांगायचा. मेहुण्याच्या नात्याने त्याला चेष्टेचा हक्कच होता आणि तो त्याने एक दिवसही वाया घालवला नाही.

"काय दाजी, कुणाकडे पाणी मारून आलात?"

"औषध."

"घरातल्या घरात कशाला लपवता! ताईची शपथ, कुणाला सांगणार नाही. विहिरीचं मारता का नळाचं?"

"तुमच्या पत्र्यावर पाऊस पडला की काय ऐकू येतं हो, मेहुणे?"

"का?"

"नाही, आतल्या माणसांना ते एकमेकांचं ऐकू येत नाही म्हणतात. संसार सुखाचे होत असतील."

अशी अठरा वर्षं गेली. चेष्टा तीच, फक्त दोघांचे केस पांढरे झाले. मेहुण्याने पाडलेलं "पाणीवाला" हे नावही गावात थोडंफार चाललं. दाजींना ते झोंबायचं. ज्याचं काम दिसत नाही त्याला असलं नाव परवडत नाही.

मग त्या वर्षीचा उन्हाळा आला, आणि दाजींना सर्दी झाली.

सर्दी साधीच. पण नाक बंद, डोकं जड, आणि जिभेला कशाचीच चव नाही. बायकोने आमटीत मीठ घातलं नव्हतं तेही त्यांना कळलं नाही. तिने ते मुद्दामच घातलं नव्हतं, कळतंय का बघायला.

त्याच आठवड्यात बाईंचं छप्पर होतं. या खेपेला पश्चिमेच्या, भट्टीकडच्या अंगाची कौलं कुजली म्हणून बाईंनी ती सगळी नवी बसवून घेतली होती. कोरं, कोरडं, मधाच्या रंगाचं लाकूड. घर लहान, एका अंगाला एक कॅन दोन हातांत पुरायचा. दाजींनी पूर्वेचं अंग केलं, पश्चिमेचं केलं. दरवेळी कॅनमध्ये करंगळी बुडवली, जिभेला लावली. काहीच लागलं नाही. सर्दीमुळे लागत नसणार, असं स्वतःलाच सांगून त्यांनी पंप भरला. काम संपल्यावर बाई अंगणात येऊन बघत राहिल्या. "झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. दोन दिवसांनी वरचा थर मारायला येतो."

दोन दिवसांनी सकाळी दाजींच्या घरी चूल पेटेना.

बायकोने काटक्या रचल्या, कागद खाली घातला, आगकाडी ओढली. कागद जळून गेला. काटक्या काळ्या पडल्या आणि तशाच राहिल्या. तिने फुंकर घातली, रॉकेल शिंपडलं. रॉकेल जळून गेलं. काटक्या जागच्या जागी.

"या काटक्यांना काय धाड भरलीय!" ती म्हणाली. "अहो, बघा तरी."

दाजी नाक पुसत आले. त्यांनी एक काटकी उचलली, आगकाडी लावली. ज्योत होती तोवर काटकी काळी होत गेली. ज्योत बाजूला घेतली. काटकी विझली. काळ्या भागाला बारीक फेस आलेला, कड गोल. अठरा वर्षांत इतकं चोख काम त्यांनी फार थोडं पाहिलं होतं.

"सुंदर," ते म्हणाले.

"काय सुंदर? चहा व्हायचाय."

"या काटक्यांवर काय टाकलं होतंस?"

"मुंग्या झाल्या होत्या ढिगावर. तुम्ही गाडी भरलीत त्याच दिवशी पाणी ओतलं आणि उन्हात वाळवल्या. पाणीच हो. गाडीवरच्या चिंधीच्या कॅनमधलं."

"सगळा कॅन?"

"मुंग्या काय थोड्या होत्या? नळाचं भरून परत ठेवला की."

दाजींनी काटकीचं दुसरं टोक जिभेला लावलं. सर्दी त्याच दिवशी उतरायला लागली होती. आधी खारट लागलं. मग, अगदी मागून, कडू.

ते पायरीवर बसले. आता त्यांना आठवलं, तसं ते सांगत गेले. काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी कॅन गाडीवर चढवताना त्यांना शिंका येत होत्या आणि रुमाल घरात राहिला होता. त्यांनी कॅनच्या मानेची चिंधी सोडली, तिने नाक पुसलं, आणि पुन्हा बांधून ठेवली. कॅन तीन होते, दोन औषधाचे आणि एक पाण्याचा. चिंधी कुठल्या कॅनची हे त्यांनी पाहिलं नव्हतं, कारण चिंधीकडे त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

"माझ्या चिंधीला नाक पुसलंत?" बायकोने विचारलं. त्या क्षणी तिला तेवढंच दिसलं. मग तिच्याही लक्षात आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे बाईंच्या घरावर..."

"पश्चिमेला," दाजी म्हणाले. "भट्टीकडे."

"पाणी?"

"दोन हात."

बायको हळू आवाजात म्हणाली, "गुपचूप परत मारून या ना. तिसरा हात म्हणा. वर थर मारून टाका. कुणाला कळतंय?"

दाजींनाही आधी तेच सुचलं होतं. पण मारायचं काय? बाईंच्या वाटणीचं औषध काटक्यांवर होतं. नवा कॅन मागवला तर यायला दहा दिवस. बाहेर वारा सुटलेला, लाकूड कोरं, आणि भट्टीवाला लग्नाच्या मोठ्या ऑर्डरी घेऊन बसलेला. भट्टी दुप्पट चालू. दहा दिवस बाई त्या छपराखाली झोपणार, दाजींनी "झालं" म्हटलंय म्हणून निर्धास्त.

सांगितलं तर मात्र गाव विचारणार, बाकीच्या छपरांवर काय मारलंत? आणि अठरा वर्षं मेहुणा जे हसण्यावारी म्हणत होता, ते एकदा तरी खरं निघालं, हे त्याला त्यांच्याच तोंडून कळणार.

दाजींनी चप्पल घातली. चहा झालाच नव्हता, त्यामुळे त्यासाठी थांबायचं कारण नव्हतं.

बाई अंगणात झाडू मारत होत्या. "या," त्या म्हणाल्या. "वरचा थर?"

"नाही. बाई, मी झालं म्हटलं होतं. ते झालेलं नाही. पश्चिमेला पाणी मारलं गेलं."

बाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "चुकून?"

"चुकून. चिंधी चुकीच्या कॅनला बांधली. आणि मला चव नव्हती."

"चवीचा काय संबंध?"

दाजींनी सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पाढा चुकलेल्या मुलाचं ऐकावं तसं, मध्ये न बोलता. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे अठरा वर्षं माझं घर तुमच्या जिभेवर उभं होतं."

"हो."

"आणि आता?"

"औषध यायला दहा दिवस. तोवर मी छपरावर बसतो. ठिणगी पडली की विझवतो."

"पाणी मारून ओलं ठेवलं तर?"

"ओलं लाकूड औषध पीत नाही. ते वाळायला आणखी चार दिवस."

"बसा मग," बाई म्हणाल्या. आणि चप्पल घालून भट्टीवाल्याकडे गेल्या. भट्टीवाला त्यांचा विद्यार्थी. सातच्या पाढ्यात कायम अडकायचा. तो आधी नाही म्हणाला. बाई उभ्याच राहिल्या. मग तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून भट्टी पहाटेऐवजी उजाडल्यावर पेटू लागली, दाजी वर चढून बसल्यानंतर. गावाला पाव दोन तास उशिरा मिळायला लागला.

त्यामुळे दाजींना काही सांगत फिरावं लागलं नाही. पाव का उशिरा, असं ज्याने त्याने भट्टीवाल्याला विचारलं आणि भट्टीवाल्याने वर बोट दाखवलं. वर, पश्चिमेच्या उतारावर, ओलं पोतं आणि बादली घेऊन दाजी बसलेले. लोक बोळीत उभे राहून मान वर करायचे.

"काय झालं हो दाजी?"

"पाणी मारलं गेलं."

"कुठे?"

"इथे. मी बसलोय तिथे."

"आणि आमच्याकडे काय मारलं होतं?"

"औषध. आतल्या कडेची ढलपी काढून आणा. आगकाडी लावून बघा."

लोकांनी खरंच आणल्या. तिसऱ्या दिवसापासून भट्टीच्या बाकावर रोज सकाळी पाच-सात जण आपापल्या छपराची ढलपी आणि काडेपेटी घेऊन बसायचे. ढलपी काळी पडायची, ज्योत बाजूला घेतली की विझायची. लोक ती खिशात टाकून, पाव घेऊन घरी जायचे. एकाची मात्र भसकन पेटली. त्याने आरडाओरडा केला. दाजींनी वरून वाकून पाहिलं.

"तुमचं काम मी केलेलंच नाही," ते म्हणाले.

"ते खरं आहे," तो म्हणाला. "पण सगळे करत होते म्हणून म्हटलं बघावं." आणि जाण्याआधी त्याने आपलं छप्पर कधी करता ते विचारलं.

मेहुणा चौथ्या दिवशी आला. दाजी त्याचीच वाट बघत होते. तीन दिवस त्यांनी उत्तरं जमवून ठेवली होती. मेहुणा शिडीपाशी उभा राहिला. पाव घ्यायला आलेली माणसं थांबली. एवढं ऐकून जाऊ म्हणाली.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "काय मारलं होतं?"

"पाणी."

"खरं पाणी?"

"खरं पाणी."

मेहुण्याने तोंड उघडलं. तोंड थोडा वेळ उघडंच राहिलं. मग मिटलं. अठरा वर्षं जी गोष्ट म्हणून हसवत आलो, ती समोरच्याने सरळ कबूल केल्यावर पुढे काय म्हणायचं हे त्याने कधी ठरवलंच नव्हतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पायाने एक दगड हलवला आणि विचारलं, "नळाचं ना?"

"नळाचं."

"हं," मेहुणा म्हणाला आणि गेला.

तासाभराने तो परत आला तो खांद्यावर निळा पत्रा घेऊन. शिडी चढून वर आला, घामाघूम. पत्रा तिरपा उभा करून त्याला मागून काठीचा टेकू दिला. सावली पडली.

"ताई म्हणाली सर्दी अजून गेलेली नाही. उन्हात बसू नका."

"लाकडी छपरावर पत्रा," दाजी म्हणाले. "अठरा वर्षांत तुम्हाला जमलं नव्हतं, मेहुणे."

"आज जमलं," मेहुणा म्हणाला. तेवढं बोलून तो उतरला. पुढचे सहा दिवस दाजी पत्र्याच्या सावलीत बसले. दुपारी पत्रा तापायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

ठिणग्या रोज यायच्या. बहुतेक वाटेतच विझायच्या, राखेचा कण होऊन खांद्यावर उतरायच्या. दाजी त्यांच्याकडे असे बघायचे की जणू जन्मभर ज्यांच्याबद्दल बोललो त्या पाहुण्या आज पहिल्यांदाच घरी आल्यात. सातव्या दिवशी वारा वळला. एक ठिणगी, हरभऱ्याएवढी, लाल, धुराड्यातून निघाली आणि सावकाश, घाई नसल्यासारखी, खालून तिसऱ्या ओळीतल्या एका कौलावर येऊन बसली. दाजी टोकाला होते. ते उठून, बसत-घसरत तिच्यापर्यंत पोचले तेव्हा तिच्याभोवती तपकिरी गोल झाला होता आणि गोलाच्या कडेने बारीक ज्योत उभी राहिली होती. ज्योत विझायला तयार नव्हती. दाजींनी ओलं पोतं टाकलं आणि त्यावर तळहात दाबून धरला. धूर आला, मग वाफ आली. बरंच झाल्यावरही त्यांनी हात उचलला नाही.

खाली बाई उभ्या होत्या. "काय झालं?"

"आली होती," दाजी म्हणाले.

दहाव्या दिवशी कॅन आला. बायकोने तो स्वतः गाडीवरून उतरवून घेतला. दाजींनी करंगळी बुडवली, जिभेला लावली. मग कॅन तिच्यापुढे केला.

"मी नाही चाटणार," ती म्हणाली.

"चाटू नकोस. नुसतं सांग, चिंधी कुठेय?"

"दुसऱ्याच्या मानेला."

"मग बरोबर," दाजी म्हणाले आणि खिशात रुमाल आहे ना ते चाचपून निघाले.

दोन हात झाले, वरचा थर झाला. बाई अंगणात येऊन छपराकडे बघत राहिल्या. पश्चिमेचं अंग मधाच्या रंगाचं, कोरंच्या कोरं, काही न केल्यासारखं; फक्त खालून तिसऱ्या ओळीत रुपयाएवढा जळका गोल.

"तेवढं एक कौल बदलून देतो," दाजी म्हणाले. "उद्या सकाळी."

"औषध प्यालंय ना ते?"

"प्यालंय. जळक्या भागालाही पाजलंय."

"मग राहू दे," बाई म्हणाल्या. "अठरा वर्षं मी वर बघतेय आणि काही दिसत नाही. आता काहीतरी दिसतंय."

दाजींना ते पटलं नाही. त्यांचं काम डाग न पडू देण्याचं होतं. पण त्या बाई होत्या आणि घर बाईंचं होतं. ते शिडी खांद्यावर टाकून निघाले.

तो डाग अजून आहे. पाव घ्यायला आलेली माणसं बाहेरगावच्या पाहुण्यांना बोळीतून तो दाखवतात. "ते बघा," म्हणतात, "दाजींचं काम." दाजी तिथे असले तर चूक सुधारायला तोंड उघडतात, मग नुसता पाव घेतात. घरी जाताना पावाचा एक तुकडा मोडून आधी जिभेवर ठेवतात.